एका ‘च’ची राखण : प्रस्तावना

आमच्या शहरातल्या बँकांच्या आणि पतसंस्थांच्या पाट्यांवर एक शब्द हमखास असतो : तारण. सोनेतारण कर्ज, मालमत्ता तारण कर्ज, बाजार समितीच्या आवारात शेतमाल तारण. रविवारी सकाळी चर्चमध्ये जाऊन बसावे तर तोच शब्द व्यासपीठावरून कानी पडतो. मराठी बायबलच्या भाषांतरकारांनी मोक्ष आणि मुक्ती हे दोन भरजरी शब्द बहुतेक ठिकाणी बाजूला ठेवले आणि हा साधा शब्द उचलला. तारतो तो तारणारा, आणि त्याने केले ते तारण. नदी पार करून देण्याचा अर्थ त्यात आहेच. पण बाजाराचा अर्थही त्याला चिकटलेला आहे, आणि तो काही केल्या सुटत नाही.

काही वर्षांपूर्वी दृढीकरणाच्या वर्गात एका मुलाने मला विचारले, “सर, तारण मिळवायचं म्हणजे आपण ठेवायचं काय?” वर्ग हसला. मुलगा मात्र विनोद करत नव्हता. त्याच्या आईच्या बांगड्या त्या आठवड्यात पतसंस्थेत गेल्या होत्या, हे मला नंतर कळले. मी त्याला ठरलेले उत्तर दिले, ठरलेला उतारा वाचून दाखवला आणि पुढच्या धड्याकडे वळलो. उत्तर बरोबर होते. तरी त्याचे समाधान झाले नाही आणि माझेही नाही. हे पुस्तक त्या प्रश्नाचे लांबलेले उत्तर आहे.

थोडक्यात सांगायचे तर आपण काहीही ठेवायचे नाही. ठेवण्यासारखे आपल्याकडे काही नाही, आणि जे ठेवायचे होते ते दुसऱ्याने आपल्या वतीने ठेवले आहे. पौलाने रोमकरांस आणि गलतीकरांस लिहिलेल्या पत्रांचा हा गाभा. माणूस देवापुढे नीतिमान ठरतो तो नियमशास्त्र पाळून नव्हे, तर ख्रिस्तावरच्या विश्वासाने. मार्टिन ल्यूथरने 1522 साली नव्या कराराचे जर्मन भाषांतर छापले तेव्हा रोमकरांस पत्राच्या तिसऱ्या अध्यायात, अठ्ठाविसाव्या वचनात, ‘फक्त’ या अर्थाचा एक शब्द घातला. विरोधकांनी गिल्ला केला की मूळ ग्रीकमध्ये हा शब्द नाही. 1530 साली ल्यूथरने जाहीर पत्र लिहून उत्तर दिले. शब्द नसला तरी अर्थ तोच आहे, आणि जर्मन माणूस बोलताना तो शब्द घालूनच बोलतो, असे त्याचे म्हणणे. मराठीत हा वाद झाला असता तर एका अक्षरावर झाला असता. आपल्याकडे त्या कामाला ‘च’ आहे. विश्वासाने आणि विश्वासानेच. अर्धा युरोप ज्यावरून फाटला ते आपण शब्दाच्या शेपटीला लावतो.

या ‘च’ची राखण कशी करायची, हा या पुस्तकाचा दुसरा विषय. तो लिहिताना मला सारखे पैठण आठवत होते.

पैठण आमच्यापासून पन्नासेक किलोमीटर. तिथल्या दोन गोष्टी मराठी माणसाला सांगाव्या लागत नाहीत. निवृत्ती, ज्ञानदेव, सोपान, मुक्ताबाई ही संन्याशाची मुले शुद्धिपत्र मागायला पैठणच्या ब्रह्मवृंदाकडे गेली, असे परंपरा सांगते. आई-वडिलांना देहान्त प्रायश्चित्त सांगून झाले होते. पोरांना शुद्ध म्हणायला तरीही कागद हवा होता. दुसरी गोष्ट तीनशे वर्षांनंतरची. शके 1506 मध्ये, म्हणजे 1584 साली, एकनाथांनी ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली. नकलांमधून शिरलेले पाठ त्यांनी काढले, आणि यापुढे यात कोणी पदरची ओवी घालू नये असे बजावले. पदरची ओवी म्हणजे अमृताच्या ताटात ठेवलेली करवंटी, अशा अर्थाचे त्यांचे बोल प्रसिद्ध आहेत.

नाथांचा धर्म वेगळा, ग्रंथ वेगळा, हे मी विसरलेलो नाही. पण खोटी शिकवण म्हणजे काय हे समजावताना मला यापेक्षा नेमकी उपमा सापडलेली नाही. आमच्या लोकांना वाटते की खोटा शिक्षक येऊन ताट उलथून टाकील. तो तसे करत नाही. तो ताटाला नमस्कार करतो आणि कडेला हळूच करवंटी ठेवतो. गलतीयातल्या ज्या शिक्षकांवर पौल इतका संतापला, ते ख्रिस्ताला नाकारत नव्हते. ख्रिस्त हवाच, आणि सुंताही हवी, एवढेच ते म्हणत होते. सगळा वाद त्या ‘आणि’चा. त्या ‘आणि’साठी पौलाने स्वर्गातून आलेल्या देवदूतालाही शापाबाहेर ठेवले नाही.

शुद्धिपत्राची गोष्टही आमच्या घरापर्यंत येते. 1843 साली मुंबईत स्कॉटिश मिशनच्या शाळेतल्या नारायण शेषाद्री या ब्राह्मण तरुणाचा बाप्तिस्मा झाला. त्याचा धाकटा भाऊ श्रीपती मिशनऱ्यांकडे राहायला गेला होता. तो अल्पवयीन, म्हणून कोर्टाने त्याला वडिलांच्या हवाली केले. मग प्रश्न पडला की मिशनऱ्यांच्या घरी जेवलेला मुलगा जातीत परत घ्यायचा कसा. बाळशास्त्री जांभेकरांनी पुढाकार घेऊन प्रायश्चित्ताची वाट काढली, आणि त्यावरून सनातनी मंडळींनी त्यांच्याशी मोठा वाद मांडला. एका भावाला प्रायश्चित्त देऊन शुद्ध केले. दुसरा भाऊ उरलेले आयुष्य लोकांना सांगत राहिला की शुद्ध करणारे प्रायश्चित्त एकदाच झाले आहे आणि ते दुसऱ्याने केले आहे. हे नारायण शेषाद्री पुढे आमच्या मराठवाड्यात आले. निजामाचे दिवाण सालारजंग यांच्या काळात जालन्याजवळ त्यांनी बेथेल हे गाव वसवले. तिथे आले ते बहुतेक अस्पृश्य ठरवलेल्या जातींतले लोक. ज्यांना शुद्धिपत्र मागायलाही कोणी दारात उभे केले नसते, त्यांनी ‘विश्वासानेच’ हा शब्द कसा ऐकला असेल, याचा विचार विटेनबर्गच्या प्राध्यापकाने, ल्यूथरने, केला नसणार. आमच्या कित्येक घरांची पाळेमुळे तिथवर जातात. म्हणून आमच्याकडे हा सिद्धान्त पंडितांच्या वादातला कधीच नव्हता. आजोबा गावकुसाबाहेरून आत कसे आले, याची ती गोष्ट आहे.

आणि त्याच आजोबांच्या नातवंडांनी आज कागद जमवले आहेत. बाप्तिस्म्याचा दाखला, दृढीकरणाचा दाखला, मंडळीच्या वर्गणीच्या पावत्या, दफनभूमीतली जागा. दाखले असू द्यावेत, कामाला येतात. पण एखाद्याला विचारले की तुझे तारण झाले आहे का, आणि तो उत्तर द्यायला कपाट उघडू लागला, तर पैठणच्या ब्रह्मवृंदाला हसण्याचा अधिकार आपण गमावला.

मराठीत या सिद्धान्ताची सर्वांत मोठी साक्षीदार कोण, असे कोणी विचारले तर मी पंडिता रमाबाईंचे नाव घेईन. रमाबाई सर्वांना ठाऊक आहेत, पण बहुधा समाजसुधारक म्हणून. ख्रिस्ती वाचकसुद्धा केडगावच्या मुक्ती मिशनपाशी थांबतो. मला त्यांच्या आयुष्यातली आठ वर्षे इथे हवी आहेत.

जन्म 1858. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी कुटुंबासह तीर्थामागून तीर्थे केली, पुराणे सांगितली, जवळचे सगळे दानधर्मात घातले. 1874 च्या सुमारास दुष्काळात आई-वडील उपासमारीने गेले. पुण्याचा एवढा साठा करून हे कुटुंब रित्या हाताने उरले. ही मुलगी 1878 मध्ये कलकत्त्यात पंडिता आणि सरस्वती ठरली, लग्न झाले, दोन वर्षांच्या आत विधवा झाली, आणि 1883 साली इंग्लंडात वाँटेज येथे तिने बाप्तिस्मा घेतला. इथे चरित्रकार सुस्कारा टाकतात. खरी गंमत इथून पुढे आहे.

बाप्तिस्मा घेतल्या घेतल्या बाईंनी आपल्याला शिकवणाऱ्या वाँटेजच्या भगिनींशी वाद घातला. सिस्टर जेराल्डिन यांच्याशी झालेला त्यांचा पत्रव्यवहार आज छापील मिळतो. त्रैक्य, ख्रिस्ताचे देवत्व, चर्चचा अधिकार, काहीच त्यांनी मुकाट गिळले नाही. मोठ्या कष्टाने पुरोहितांच्या जुवाखालून मान काढली, ती पुन्हा दुसऱ्या पुरोहितांच्या जुवाखाली घालायची नाही, असा त्यांचा सूर. क्रूसावरची लॅटिन अक्षरेदेखील त्यांना खपली नाहीत. लॅटिन मला येत नाही, माझ्या लोकांना येत नाही, मग ती भाषा कशाला? अक्षरे हवीतच तर संस्कृत घाला. वाँटेजच्या भगिनींना हा गर्व वाटला. त्या काळात विश्वासाची राखण करण्याची जबाबदारी त्या भगिनींवर होती, आणि राखणीचा त्यांना ठाऊक असलेला मार्ग म्हणजे आज्ञापालन.

पुढे बाई अमेरिकेला गेल्या, परत आल्या, 1889 मध्ये मुंबईत शारदा सदन उघडले, विधवांना शिकवले. सत्कर्मांची वही भरत होती. आणि बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षांनी त्यांच्या ध्यानात आले की आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला, ख्रिस्त सापडला नाही. 1907 साली लिहिलेल्या आपल्या साक्षीत त्यांनी हे उघड सांगितले आहे. निमित्त झाले विल्यम हॅसलम या इंग्रज पाळकाच्या आत्मकथेचे. हा गृहस्थ कॉर्नवॉलमध्ये कित्येक वर्षे पाळक होता, आणि 1851 साली आपल्याच व्यासपीठावर उपदेश करता करता त्याला उमगले की आपण सांगतो ते आपल्यापाशी नाही. रमाबाईंना स्वतःचा चेहरा दिसला. आपला विश्वास बुद्धीचा होता, तारण आपण मरणानंतरच्या कधीतरीच्या दिवसावर टाकले होते, असे त्यांना कळले. देवाने दिलेले घ्यायचे तेवढे राहून गेले होते.

एवढी विद्या, एवढा त्याग, एवढी सेवा. आणि बाई म्हणतात यातले काहीही तारण म्हणून ठेवता येणार नाही. सेवा त्यांनी सोडली नाही, वाढवली. 1896–97 च्या दुष्काळात त्यांनी मध्य भारतातून शेकडो मुली आणल्या आणि केडगावचे मुक्ती सदन उभे राहिले. कामे आधी होती, नंतरही होती. नंतर ती कशाच्या बदल्यात नव्हती.

आता राखणीबद्दल. अधिकाऱ्यांपुढे मान न तुकवणारी ही बाई उतारवयात सिद्धान्ताच्या बाबतीत फार कडक झाली. अभ्यासकांना हे विसंगत वाटते, मला वाटत नाही. त्यांनी हिब्रू आणि ग्रीक शिकून संपूर्ण बायबल एकटीने मराठीत आणायला घेतले, आणि ते अशा सोप्या बोलीत की खेड्यातून आलेल्या, नुकत्या अक्षर ओळखू लागलेल्या बाईला वाचता यावे. खिळे जुळवायला मुक्तीतल्याच मुली, छापखानाही मुक्तीचा. रूढ भाषांतरातल्या संस्कृत शब्दांबरोबर जुने अर्थ आत शिरतात, ही त्यांची तक्रार होती. 1922 च्या एप्रिलमध्ये त्या गेल्या. पुस्तक 1924 मध्ये बाहेर आले. खोट्या शिकवणीवर बाईंनी शोधलेला उपाय हा असा होता. दारावर पहारेकरी न बसवता त्यांनी आतल्या प्रत्येकीच्या हातात कंदील दिला. प्रेषितांच्या कृत्यांत बिरुयाचे लोक पौलाचे बोलणेही शास्त्र उघडून रोज ताडून पाहत, आणि त्याबद्दल त्यांची वाहवा झाली आहे. पौलाने नाक मुरडल्याची नोंद नाही.

1905 साली केडगावात संजीवन आले, मुली मोठमोठ्याने प्रार्थना करू लागल्या, काही अन्य भाषा बोलू लागल्या. तेव्हाही बाईंनी त्या अनुभवाला हसू दिले नाही, आणि अन्य भाषा म्हणजे प्रत्येकाला लागू अशी अट आहे असेही म्हटले नाही. करवंटी किती चकाकणारी असली तरी ती त्यांना ओळखता येत होती.

आजची करवंटी कोणती? चार प्रकरणे मी याच्यावर लिहिली आहेत आणि तिथे माझा आवाज चढला आहे, हे कबूल करतो. शहराबाहेर मंगल कार्यालय भाड्याने घेऊन सभा होतात. मंतरलेले नव्हे म्हणे, ‘अभिषिक्त’ तेल मिळते. रुमाल मिळतात. अर्पणाच्या पाकिटाला ‘बी’ म्हणतात. पेराल तसे उगवेल. ज्या मराठवाड्यात दुबार पेरणी करूनही हाती काही लागत नाही, तिथे हे बोलायला धाडस लागते. माझ्या ओळखीच्या एका बाईंना अशाच सभेत शुगरच्या गोळ्या बंद करायला सांगितले. पायाची जखम चिघळली तेव्हा सांगितले की तुमचा विश्वास कमी पडला.

या वाक्यावर थांबायला हवे, कारण ते आमच्याच भाषेत बोलते. ‘विश्वासानेच’ हा शब्द हा उपदेशक नाकारत नाही. उलट दहा वेळा म्हणतो. फक्त विश्वास हेच त्याने तारण केले आहे, बँकेच्या अर्थाने. इतके तोळे विश्वास ठेवा, तितके बरेपण उचला. वजन कमी भरले तर दोष तुमचा. सुंतेऐवजी, उपासांऐवजी, दानाऐवजी त्याने विश्वासालाच कर्म बनवले. पौलाचा विश्वास म्हणजे रिकामा हात. रिकाम्या हाताचे वजन कोण करतो? मोहरीच्या दाण्याएवढा असला तरी चालतो असे प्रभूने म्हटले, ते दाण्याचे कौतुक म्हणून नाही. धरले आहे ते कोणाला, हा प्रश्न आहे. जामीनदार भक्कम असेल तर कर्जदाराची सही थरथरली म्हणून कागद रद्द होत नाही.

दुसऱ्या बाजूचा आक्षेप जुना आहे आणि तो मला नेहमी एका शेजाऱ्याकडून मिळतो. मिलिंद महाविद्यालयात शिकलेले, निवृत्त प्राध्यापक, बौद्ध. ते म्हणतात, “तुमचं बरं आहे, सर. कर्म नको, साधना नको. फुकटचं तारण.” ज्या शहरात बाबासाहेबांनी शिक्षणाची पेठ उभारली, माणसाने स्वतःच्या पायांवर उभे राहावे म्हणून आयुष्य वेचले, तिथे हा टोमणा हलक्यावारी नेता येत नाही. मी त्यांना म्हणालो, फुकट नाही. किंमत दिली गेली आहे, आपण दिलेली नाही एवढेच. ते म्हणाले, “म्हणजे फुकटच की!” त्यांना पटले नाही, आणि माझा मुद्दाही मी सोडला नाही. पण त्यांच्या टोमण्यामुळे याकोबाच्या पत्रावरचे प्रकरण मला तीनदा लिहावे लागले. संपूर्ण बायबलात ‘फक्त विश्वासाने’ अशी शब्दजोडी एकदाच येते, ती याकोबाच्या दुसऱ्या अध्यायात, आणि तिथे तिच्यापुढे नकार आहे. ल्यूथरला हे पत्र पेंढ्यासारखे वाटले. मला ते तसे वाटत नाही. भुकेल्याला ‘देव तुझं भलं करो’ म्हणून वाटेला लावणाऱ्या माणसाला याकोब विचारतो की हा विश्वास आहे तरी कुठे. मेलेल्या झाडाला फळे बांधून ते जिवंत होत नाही, हे पौल सांगतो. फळच नसलेल्या झाडाला जिवंत म्हणू नका, हे याकोब.

रोमन कॅथलिक बांधवांविषयी दोन शब्द. आमच्या शहरातल्या कॅथीड्रलला संत फ्रान्सिस द सेल्स यांचे नाव आहे; औरंगाबादचा कॅथलिक धर्मप्रांत 1977 साली झाला. आमच्या प्रॉटेस्टंट घरांतली निम्मी पोरे त्याच नावाच्या शाळेत शिकली आणि बहुतेकांना ठाऊक नाही की हे संत कोण. 1594 पासून चार वर्षे ते शाब्ले प्रांतात पायी हिंडून कॅल्व्हिनच्या अनुयायांना कॅथलिक चर्चमध्ये परत आणत होते. सभेला कोणी येईना, म्हणून पत्रके लिहून दाराखालून सरकवत. म्हणजे ते ज्यांना परत आणू पाहत होते ते आम्ही! त्यांच्या लेखी करवंटी आमच्याकडे होती. ट्रेंटच्या धर्मपरिषदेने 1547 मध्ये ‘फक्त’ या शब्दाचा एक अर्थ शापित ठरवला होताच. 31 ऑक्टोबर 1999 रोजी ऑग्सबुर्ग येथे लूथरन महासंघ आणि कॅथलिक चर्च यांनी नीतिमान ठरवले जाण्याविषयी संयुक्त घोषणापत्रावर सह्या केल्या, तेव्हा बऱ्याच गाठी सुटल्या, सगळ्या नाहीत. मी माझी बाजू सोडत नाही. पण दाराखालून पत्रक सरकवणाऱ्या विरोधकाबद्दल मला आदर आहे. त्याने वाचायला दिले.

‘खोटी शिकवण’ हा शिक्का आमच्यात किती सहज मारला जातो तेही सांगायला हवे. कमिटीची निवडणूक, चर्चच्या जमिनीचा वाद, पाळकाची बदली. भांडण कशाचेही असो, दुसऱ्या दिवशी समोरचा खोटा संदेष्टा झालेला असतो. एका गल्लीत चार मंडळ्या आणि चारही जणी मेंढराच्या कातड्यातले लांडगे उरलेल्या तिघींत शोधतात. या पुस्तकाचा असा उपयोग कोणी केला तर मला वाईट वाटेल. म्हणून मी कोणत्याही मंडळीचे किंवा जिवंत उपदेशकाचे नाव घेतलेले नाही. शिकवण काय ते सांगितले आहे. ताडून पाहणे वाचकाकडे.

नारायण वामन टिळकांवर स्वतंत्र प्रकरण का नाही, असे हस्तलिखित वाचणाऱ्या एका मित्राने विचारले. टिळक 1895 मध्ये ख्रिस्ती झाले, तुकारामाच्या वाटेने आपण ख्रिस्तापाशी आलो असे सांगत, आणि 1917 मध्ये मिशन सोडून त्यांनी ‘देवाचा दरबार’ मांडला, ज्यात बाप्तिस्मा न घेतलेल्या शिष्यालाही जागा होती. त्यांना या पुस्तकाच्या एका प्रकरणात बसवणे मला जमले नाही. दोनदा लिहिले, दोन्ही वेळा मी न्यायाधीश झालो होतो. ती पाने काढून टाकली.

पुस्तक वाचण्याआधी गलतीकरांस पत्र एका बैठकीत वाचावे, अर्धा तास पुरतो. कोणते भाषांतर, याचा आग्रह नाही. घरात रमाबाईंचे असेल तर उत्तम.

मुद्रिते आमच्या मंडळीतल्या एका ताईंनी तपासली. त्या पतसंस्थेत नोकरीला आहेत, त्यामुळे आकडा आणि अक्षर दोन्हींवर नजर. सातव्या प्रकरणात मी लिहिलेले ‘विश्वासानेच’ जुळणीत ‘विश्वासानेही’ होऊन आले होते, आणि मी ते दोनदा वाचूनही मला दिसले नव्हते. ताईंनी लाल शाईने ‘ही’ खोडून वर ‘च’ लिहिला आणि समासात विचारले, “सर, हे मुद्दाम आहे का?”

छावणी, छत्रपती संभाजीनगर